चिंचकोटच्या अडतीस विहिरी

चिंचकोटात एकही विहीर नाही, ही बातमी गावाला गावाच्याच सुनेनं दिली. तीही कागदावर, सही-शिक्क्यानिशी.

सुनेचं नाव शिवरंजनी. लोहाऱ्याला पाण्यावर काम करणारी एक संस्था होती, तिथं ती नकाशांचं काम बघायची. गावातल्या बायांना तिचं काम नेमकं काय हे शेवटपर्यंत कळलं नव्हतं. 'कॉम्प्युटरवर गावं काढते' असं त्या एकमेकींना सांगायच्या, आणि आयती असलेली गावं पुन्हा कशाला काढायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

तिची सासू महादेवी ही चिंचकोटची सरपंच. आजूबाजूच्या गावांत सरपंचबाईंच्या नावानं त्यांचे मालकच कारभार हाकतात. चिंचकोटात मालक, म्हणजे विरुपाक्ष, फक्त मोटारसायकल हाकायचे. मागं महादेवी बसायची, मांडीवर पिशवी, पिशवीत शिक्का. माहेर सीमेपलीकडचं, आळंदकडचं. त्यामुळं रागावली की ती कन्नडवर जायची, आणि ग्रामसेवकाला कन्नड येत नसलं तरी आपण चुकलोय एवढं कळायचं.

झालं असं, की तालुक्यातल्या बारा गावांपैकी एका गावाला पिण्याच्या पाण्याची नवी सार्वजनिक विहीर मिळणार होती. ज्या गावात विहिरी सगळ्यांत कमी, ते गाव यादीत पहिलं. यादी संस्थेनं करून द्यायची होती. गावोगावच्या विहिरी नोंदवून आल्या होत्या, चारशे बारा. प्रत्येक विहीर म्हणजे नकाशावरचा एक ठिपका, आणि प्रत्येक गाव म्हणजे शिवेची एक बंद रेघ. कोणत्या रेघेच्या आत किती ठिपके, एवढंच मोजायचं.

मागच्या वर्षी हे मोजणं अयोध्यानं केलं होतं. अयोध्या शिवरंजनीच्या शेजारच्या टेबलावर बसायची. पडद्यावर बोट ठेवून तिनं चार दिवस ठिपके मोजले होते, आणि मधे कोणी चहा विचारला की पुन्हा एकपासून. यंदा शिवरंजनीनं पायथनमध्ये तीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ठिपका घ्यायचा, तो कोणत्या शिवेच्या आत पडतो ते बघायचं, त्या गावापुढं एक वाढवायचा. बटण दाबलं आणि अयोध्यानं डब्याचं झाकण काढेपर्यंत यादी तयार.

"माझे चार दिवस," अयोध्या म्हणाली. "परत दे."

शिवरंजनी हसली. त्या दुपारी तिला स्वतःचं जरा जास्तच कौतुक वाटत होतं, हे कबूल करायला हवं. यादीत गावांची नावं नव्हती, सहा आकडी सरकारी कोड होते. एका कोडापुढं शून्य होतं. ही निंबाळवाडी असणार, असं तिनं गृहीत धरलं. डोंगरावरची ती वाडी पाण्यावाचून होती हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. साहेबांना यादी तीनपर्यंत हवी होती, तिनं पावणेतीनला दिली. साहेबांनी कोडांपुढं नावं घातली, शिक्का मारला आणि यादी पुढं पाठवली.

संध्याकाळी ती काळीपिवळी जीपमधून गावात उतरली तेव्हा महादेवी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"या सूनबाई," ती म्हणाली. नुसतं 'रंजा' न म्हणता 'सूनबाई' म्हटलं की काहीतरी शिजलंय, हे शिवरंजनीला तीन वर्षांत कळलं होतं.

"काय झालं, आत्या?"

"काय न्हाय. सकाळी अंघोळ केलतीस ना तू?"

"केली की."

"कशानं केलीस, त्येच इचारायलोय आमी. आपल्या गावात तर विहीर न्हाय म्हणं."

दारातच उभे असलेले विरुपाक्ष खाली बघून मिशीत हसत होते. महादेवीनं मोबाइल पुढं केला. सरपंचांच्या ग्रुपवर यादी आली होती. पहिलं नाव चिंचकोट. विहिरी: शून्य.

शिवरंजनीनं यादी दोनदा वाचली. ओट्यावरून बघितलं तरी घराशेजारची विहीर दिसत होती. तिच्यावर कबुतरं बसली होती.

"काहीतरी चुकलंय," ती म्हणाली.

"आता गं बया. म्या म्हटलं विहीरच चुकली जणू. चाळीस वर्षं तिथं बसून ऱ्हायली आगाऊ."

तेवढ्यात उपसरपंच शंभुलिंग आप्पा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आप्पा अंगानं आडवे, बोलणं गोड, आणि गावाचं भलं कशात आहे हे त्यांना इतरांच्या आधी कळायचं. त्यांनी पहिला पेढा शिवरंजनीच्या हातावर ठेवला.

"सून असावी तर अशी," ते म्हणाले. "गावासाठी एका फटक्यात अडतीस विहिरी बुजवल्या. वैनी, तोंड गोड करा. नवी विहीर आलीच समजा."

"आप्पा, ते चुकून झालंय," शिवरंजनी म्हणाली.

"चुकून झालेलं लई टिकतंय बघ. आमचं लगीन बी चुकूनच जमलतं."

पेढा तिच्या हातातच राहिला. रात्रीच्या जेवणात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी होती, दोन्ही तिच्या आवडीची, पण तिनं अर्धीच भाकरी खाल्ली. गावाचं नाव पहिलं आलं आणि ते खोटं आहे. त्याहून बोचणारी गोष्ट म्हणजे ते खोटं तिच्या हातून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पोचल्या पोचल्या तिनं यादीतल्या बारा आकड्यांची बेरीज केली. तीनशे चौऱ्याहत्तर. ठिपके होते चारशे बारा. अडतीस कमी. ही बेरीज कालच करायला दोन मिनिटं लागली असती.

"अडतीस ठिपके कुठल्याच गावात न्हाईत," ती अयोध्याला म्हणाली.

"मग कुठं हायत?"

तिनं नकाशा लांब लांब नेला. लोहारा तालुका टिकलीएवढा झाला, जिल्हा गेला, महाराष्ट्र गेला, देश गेला. तरी ठिपके दिसेनात. आणखी लांब नेल्यावर पडद्याच्या अगदी वर, नॉर्वेच्याही पलीकडं, उत्तर ध्रुवाकडं जाणाऱ्या निळ्या समुद्रात मुंगीएवढा एक पुंजका दिसला. तिनं जवळ जाऊन बघितलं. अडतीस ठिपके बर्फाळ पाण्यात नीट पसरले होते.

अयोध्या खुर्ची ओढून जवळ आली. तिनं एकेक ठिपका बोटानं मोजला.

"पाण्याला मात्र तोटा न्हाय," अयोध्या शेवटी म्हणाली. "तुझ्या सासरच्यांनी विहिरी पाडल्या, पण जागा बघून पाडल्या."

कारण शिवरंजनीला आता समजलं होतं. प्रत्येक जागेला दोन आकडे असतात, अक्षांश आणि रेखांश. चिंचकोटचा अक्षांश अठराच्या आत, रेखांश शहात्तरच्या वर. ते उलटे लिहिले की गाव थेट बर्फात जातं. बाकी अकरा गावांच्या नोंदी मोबाइलमधल्या ॲपवरून आल्या होत्या. चिंचकोटच्या नोंदी मात्र कागदावर आल्या होत्या, कारण तिथं नोंदणाऱ्या माणसाच्या मोबाइलवर ॲप चालत नव्हतं. त्या माणसानं मोबाइलच्या होकायंत्रावर दिसणारे आकडे एकेका विहिरीच्या काठावर उभं राहून फॉर्मवर उतरवले होते, आणि शिवरंजनीनं ते फॉर्म बघून जसेच्या तसे टाइप केले होते.

फाइल तिनं काढली. अडतीस फॉर्म, सगळ्यांवर एकच टपोरं, उजवीकडं झुकलेलं अक्षर. घरातल्या किराण्याच्या यादीवर ती ते रोज बघायची.

सरपंचबाई स्वतः आठ दिवस बांधाबांधानं फिरल्या होत्या. पायात काटा मोडला होता, तो विरुपाक्षांनी सुईनं काढला होता. कोतवालाला पाठवा म्हटलं तर म्हणाल्या होत्या, माझ्या गावच्या विहिरी मीच बघणार.

शिवरंजनीनं फाइल मिटली.

घरी गेल्यावर तिनं सांगितलं, "आत्या, सापडली चूक. माझ्याकडनं टाइप करताना आकडे उलटे पडले. आपल्या विहिरी अडतीसच हायत. उद्या दुरुस्त यादी पाठवावी लागंल."

महादेवीनं तिच्याकडं निरखून बघितलं. "एनिदू?" म्हणजे हे काय, असं ती स्वतःशीच पुटपुटली. कन्नड ऐकून शिवरंजनी एक पाऊल मागं सरली. पण महादेवी रागावली नाही.

"अडतीसच्या अडतीस उलटे पडले?"

"व्हय."

"लई मेहनत घ्यावी लागली असंल."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "यादी उद्या नको पाठवू. परवा ग्रामसभा हाय. गावानं पेढे खाल्लेत, गावाला सांगून पाठव. तूच सांग. फाइल बी आण."

ग्रामसभा पंचायतीसमोरच्या कडुलिंबाखाली भरली. एरवी वीस डोकी जमतात, त्या दिवशी दीडशे. आप्पांनी नव्या विहिरीच्या जागेवरून गावात दोन मतंही तयार करून ठेवली होती. शिवरंजनी उभी राहिली. इतक्या लोकांपुढं, त्यातून सासरच्या, बोलायची तिची पहिलीच वेळ. पदर दोनदा सावरून तिनं स्क्रिप्ट, डेटा, रेखांश असे चार शब्द काढले. पुढच्या रांगेतल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या.

"सोपं सांग गं," महादेवी म्हणाली. "आमी काय कॉम्प्युटर न्हाय."

मग शिवरंजनी खाली बसली. काडीनं तिनं मातीत वेडावाकडा गोल काढला. "ही आपल्या गावची शीव." शेजारी आणखी एक गोल. "ही निंबाळवाडीची." कोणीतरी मूठभर चिंचोके दिले, ते तिनं गोलांत टाकले. "एकेक चिंचोका म्हणजे एकेक विहीर. कॉम्प्युटर फक्त एवढंच इचारतो, की हा चिंचोका गोलाच्या आत हाय का भाहेर."

"त्याला डोळं न्हाईत, मग त्याला कसं कळतंय?" निवृत्त कोतवाल बिराप्पानं विचारलं. आयुष्यभर दवंडी दिल्यामुळं त्याचा साधा प्रश्नही शेजारच्या गावात ऐकू जायचा.

प्रश्न चांगला होता, आणि शिवरंजनीला पहिल्यांदा बरं वाटलं. "विहिरीपासनं एका दिशेनं सरळ चालायला लागायचं, बिराप्पामामा. लांब, पार गावं संपेपर्यंत. वाटेत शीव किती वेळा ओलांडली ते मोजायचं. एकदा ओलांडली, म्हणजे तुमी आतनं निघालता. दोनदा ओलांडली, म्हणजे भाहेरनं आत शिरून परत भाहेर पडलात."

"आणि शीव वाकडी असली तर?"

"कितीबी वाकडी असू द्या. विषम आलं की आत, सम आलं की भाहेर."

बिराप्पा काडी घेऊन खाली बसला आणि त्यानं स्वतः तीनदा करून बघितलं. तिसऱ्यांदा मान डोलावून म्हणाला, "बराबर हाय. चोर गावातला का भाहेरचा, आमी बी असंच वळखत व्हतो." ते कसं, हे त्यानं सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

"मग आपले चिंचोके गेले कुठं?" मागून कोणीतरी विचारलं.

"उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात," शिवरंजनी म्हणाली. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. "आकडे उलटे पडले. चूक माझी हाय."

महादेवी उठली. टेबलावरची फाइल तिनं उघडली, पहिला फॉर्म बघितला, दुसरा बघितला, पाच-सहा पानं उलटली.

"हे अक्षर माझं हाय," ती सभेला म्हणाली. "हितं दोन खण व्हते. वर काय लिवलंय ते म्या वाचलं न्हाय, चष्मा घरी व्हता. एक आकडा शहात्तरचा, एक सतराचा. म्या म्हटलं, वडीलधाऱ्याला आधी बसवावं. शहात्तरला पहिल्या खणात बसवलं. अडतीस वेळा मान दिला. सुनेनं टाइप केलं त्ये माझं बघून केलं. तिची चूक एवढीच, की सासूनं लिवलंय म्हणून तिनं तपासलं न्हाय."

सभा इतकी हसली की लिंबावरचे पोपट उडाले. विरुपाक्ष सगळ्यांत जास्त हसत होते. बायकोनं वळून बघितल्यावर त्यांना एकाएकी खोकला आला.

शंभुलिंग आप्पा मात्र हसत नव्हते. ते उभे राहिले. "झालं त्ये झालं, वैनी. चूक कुणाचीबी असू द्या. पण कागद गेलाय, शिक्का बसलाय. आपण काय खोटं बोललो न्हाय, कॉम्प्युटर बोललाय. गप बसू की. विहीर येईल, गावाचंच भलं."

बऱ्याच माना हलल्या. शिवरंजनीनं सासूकडं बघितलं. हा प्रश्न स्क्रिप्टचा नव्हता.

"बसू की गप," महादेवी म्हणाली. "पण जागा बघायला इंजिनिअर येईल त्याचं काय करायचं? रस्त्यापासनं पंचायतीपर्यंत येईस्तवर तीन विहिरींत पडंल त्यो. दर वेळी भाहेर काढून त्याला सांगायचं का, सायेब, ह्या विहिरी न्हाईत?"

पुन्हा हसू झालं, आप्पाही नाइलाजानं हसले. महादेवी हसली नाही. "आणि निंबाळवाडीला एकच विहीर हाय, आप्पा. तिथल्या बाया दीड कोस चालत्यात. त्यांच्या हंड्यावर आपण पेढे खाल्ले. मला तरी त्ये पचंना."

मघाशी हललेल्या माना खाली गेल्या. दुरुस्त यादी पाठवायची असा ठराव लिहायला ग्रामसेवकानं पेन उघडलं, तेवढ्यात कडेला बसलेली जगदेवी म्हणाली, "माझी विहीर बी मोजली का त्या अडतिसात?"

जगदेवी एकटी राहायची, दोन एकरांची मालकीण. सभेत ती कधी बोलायची नाही.

"व्हय, मावशी," शिवरंजनी म्हणाली.

"तिच्यात होळीपासनं थेंब न्हाय. बेडकं बी निघून गेली. तिला तू विहीर म्हणतीस?"

शिवरंजनीनं फाइलमधला फॉर्म पुन्हा बघितला. चारशे बारा ठिपके, आणि त्यातल्या कशात पाणी आहे हे तिनं कोणाला विचारलंच नव्हतं. फॉर्मवर तसा खणच नव्हता.

"हिचं बरोबर हाय," ती शेवटी सभेला म्हणाली. "हे माझ्या ध्यानात आलं न्हाय."

घरी येताना दोघी चालत आल्या. विरुपाक्ष मोटारसायकल घेऊन पुढं गेले होते.

"माझी चूक का झाकलीस गं?" महादेवीनं विचारलं.

"तुमी सरपंच हाव. आणि तुमच्या पायात काटा मोडलता."

महादेवीनं काही पावलं मोजल्यासारखी टाकली. "सासूची चूक आपल्या अंगावर घेणारी सून चिंचकोटात हाय, हे भाहेर सांगू नको," ती म्हणाली. "एक तर कुणाला खरं वाटणार न्हाय. आणि वाटलं तर सगळ्या सासवा माझ्याकडं भांडत येतील." आणि तिनं शिवरंजनीच्या खांद्यावरची फाइलची पिशवी काढून आपल्या खांद्यावर घेतली.

साहेबांना सांगणं सभेपेक्षा अवघड गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "एकूण बेरीज जुळवून बघितली होती का?" ती नाही म्हणाली. "मी पण नाही," साहेब म्हणाले, आणि पहिली यादी मागं घेतल्याचं पत्र त्यांनी तिच्यासमोरच लिहायला घेतलं. शेवटी तिनं जगदेवीचं म्हणणं सांगितलं, तेव्हा त्यांनी दहा दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या दहा दिवसांत बाराही गावं पुन्हा फिरून झाली. फॉर्मवर नवा खण आला: आज पाणी आहे का. चिंचकोटात बिराप्पा आणि जगदेवी फिरले. बिराप्पा विहिरीत खडा टाकून कान लावायचा आणि जगदेवी लिहून घ्यायची. कधी कधी तो म्हणायचा पाणी आहे, ती म्हणायची चिखल आहे, आणि दोघं काठावर बसून दुसरा खडा टाकायचे.

शिवरंजनीनं स्क्रिप्टमध्ये दोन गोष्टी घातल्या. पाणी असलेलेच ठिपके मोजायचे; आणि गावांची बेरीज अशा एकूण ठिपक्यांच्या संख्येशी जुळली नाही तर यादी द्यायचीच नाही, थांबायचं. पहिल्याच वेळी ती थांबली, दोन ठिपके जुळत नव्हते. शोधलं तर ते शेजारच्या तालुक्यातल्या कोणाच्या तरी शेतात निघाले. नोंदणारा पाहुण्याकडं जेवायला गेला होता आणि तिथल्याही विहिरी उत्साहानं नोंदवून आला होता. ते काढल्यावर आकडा जुळला.

नव्या यादीत निंबाळवाडी पहिली आली. तिच्या एकुलत्या एक विहिरीतही पाणी नव्हतं, त्यामुळं शून्य, आणि हे शून्य खरं होतं. चिंचकोटच्या अडतिसांपैकी नऊ विहिरींत पाणी निघालं आणि गाव तिसरं आलं. नवी विहीर नाही, पण तिसऱ्या नंबरापर्यंतच्या गावांच्या कोरड्या विहिरींतला गाळ काढून मिळणार होता. पहिलं काम जगदेवीच्या विहिरीचं लागलं. तिसऱ्या दिवशी तळातून ओल फुटली. जगदेवीनं हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर केली आणि डबा भरून सरपंचांच्या घरी आणून दिला. सुनेचा वाटा वेगळा होता, मोठा.

शंभुलिंग आप्पा पंधरा दिवस शिवरंजनीशी बोलले नाहीत. सोळाव्या दिवशी सकाळी ओट्यावर येऊन बसले, चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले आणि मग खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"काय न्हाय, माझं आणि भावाचं जरा वाजलंय," ते म्हणाले. "बांधावर चिंचा हायत, सतरा. त्यो म्हणतोय सगळ्या त्याच्या हद्दीत. तुझ्या कॉम्प्युटरला एकदा इचारून बघ की, कुठल्या चिंचा कुणाच्या आत पडत्यात."

"बघते की, आप्पा," शिवरंजनी म्हणाली. "पण आधी सरकारी मोजणीची हद्द लागंल. आणि जे निघंल त्ये तुमा दोघांसमोर सांगणार."

आप्पांनी थोडा विचार केला. आतून महादेवीच्या हसण्याचा आवाज आला. आप्पांनी कागदाची घडी पुन्हा घातली, खिशात ठेवली आणि आणखी अर्धा कप चहा मागितला.